तांड्याच्या तळावरची बाग

अमरसिंगाच्या काठीचा पहिला तडाखा जेसीबीच्या काचेवर बसला आणि काचेचा चुरा ड्रायव्हरच्या तोंडावर उडाला. दुसरा त्याच्या मनगटावर. त्याच्या मेहुणीनं, जिवनबाईनंही, पदर खोचून दगड उचलला होता. हिंगोलीच्या वेशीवरचा हा माळ म्हणजे बंजारा तांड्याचा जुना तळ. आज्या-पणज्यांचे मीठ वाहणारे बैल इथं उतरायचे. आता नगरपालिका इथं बाग करत होती, आणि "आपली लेकरं पुरलीत तिथं!" म्हणून अमरसिंगानं सकाळीच सगळा तांडा उठवून आणला होता.

बागेचा नकाशा काढणारी पुनम गावातलीच पोरगी, औरंगाबादेत शिकून आलेली. परगावची कारंजी नकोत, बागेत आपला तळच दिसू दे, म्हणून तिनं काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि बैलांच्या पाण्याची दगडी डोणी आखली होती. मन चांगलं, पण भिरकावलेला दगड मन बघून थोडाच येतो! एक तिच्या कपाळाला लागला. रक्त पुसत ती तांड्याचा म्होरक्या असलेल्या थावरा नाईकापुढं उभी राहिली.

"नाईक, हातानं उकरून बघू द्या. लेकरांची हाडं निघाली तर पायऱ्या दुसरीकडं वळवते."

"काहून उकरता?" अमरसिंग ओरडला. "मुडदे पाडीन एकेकाचे!"

"पोरगी बराबर बोलून राहिली," म्हातारा नाईक म्हणाला. "बघू दे."

अमरसिंग मजुरावर धावून गेला. चौघांनी त्याला खाली दाबून धरला. कुदळ सावकाश चालू लागली. कमरेइतक्या खड्ड्यात हाड दिसलं तशा बायांनी गळा काढला.

मग त्या खड्ड्याच्या काठाशी वाकल्या. हाड लेकराचं नव्हतं. दंडाभोवती पांढऱ्या चुड्यांची रांग होती, लग्न झालेल्या बाईची. तांड्यात पुरतात ते बिनलग्नाच्याला. लग्न झालेल्याला अग्नी देतात. हिला अग्नी का मिळाला नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

तांड्यातून नाहीशी झालेली लग्नाची बाई एकच: जिवनबाईची थोरली बहीण, अमरसिंगाची बायको जनका. तिनं तोंड काळं केलं, परक्याबरोबर पळाली, असं त्यानंच पंचांत सांगितलं होतं. त्या टोमण्यांनी आई खंगून मेली. जिवनबाईनं स्वतःही बहिणीला शिव्याशाप द्यायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आता तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

"बुजवा ते!" चौघांच्या हातांखालून अमरसिंग ओरडला.

"मी काम बंद करते," पुनम घाबरून म्हणाली.

"बंद न्हाई बाई, खांदा," जिवनबाई म्हणाली. "पुरी निघू द्या माही बहीण."

ती खड्ड्यात उतरली आणि हातांनी माती सारू लागली.

"दाजी," ती वर न बघता म्हणाली, "पळाली म्हन्ले व्हते तुमी. हितंच हाय की वो."

एकेक करून बाया तिच्यामागं उतरल्या. धरणाऱ्यांचे हात सैल पडले, तसा अमरसिंग उठून रस्त्याकडं पळाला. थावरा नाईकाची काठी त्याच्या नडगीवर उतरली, मग पाठीवर, मग पुन्हा नडगीवर. म्हाताऱ्याला कुणी आवरलं नाही. अमरसिंगाच्या त्या शब्दावर जनकाच्या बापाला वाळीत टाकायचा निवाडा म्हाताऱ्यानंच दिला होता.