कठडा कोण सोडणार?

बापूराव मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे आडते. पन्नाशी उलटल्यावर ते बर्फावर उभे राहिले ते मुलीमुळे. पूर्णिमाला दर रविवारी मॉलमधल्या स्केटिंगच्या रिंकवर सोडायचे आणि बाहेर बाकावर पेंगत बसायचे. एकदा ती म्हणाली, "बाबा, काचेतून बघून पोट कमी होत नाही." झालं! बापूरावांनी पायांत स्केट्स चढवले.

बर्फावर पाऊल पडलं मात्र, अख्ख्या यार्डात घुमणारा त्यांचा आवाज पार बसला. कडेचा कठडा दोन्ही हातांनी धरून ते आडवे-आडवे सरकू लागले. पूर्णिमा केव्हाच पुढे निघून गेली.

अर्धी फेरी होते न होते तोच समोरून, तोच कठडा धरून, उलट्या दिशेने कोणीतरी आलं. शेजारच्या गाळ्याचे पोपटशेठ! ट्रक कोणी कुठे लावायचा यावरून दोघांचं बिनसलं होतं. दिवाळीपासून बोलणं बंद होतं.

दोघे समोरासमोर अडकले. पुढे जायचं तर एकाने कठडा सोडायला हवा होता.

"तुम्ही उलटे आलात," बापूराव म्हणाले. "भिंतीवरचा बाण बघा."

"बाण बघायला मान वळवावी लागते. सध्या जमणार नाही."

"मग सोडा कठडा."

"तुम्हीच सोडा. तुम्ही तयार दिसताय."

मागे पोरांची रांग लागली. "ओ आजोबा, चला ना!"

आजोबा नक्की कोण, म्हणून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता पोपटशेठचा पाय सटकला. त्यांनी घट्ट धरला तो बापूरावांचा दंड. दोघेही धपकन खाली बसले.

विजारीतून गारवा आत शिरला. लागलं मात्र काहीच नाही. आपण एवढा वेळ घाबरत होतो ते यालाच, बापूरावांना नवल वाटलं.

पूर्णिमा आली. आधी गुडघ्यांवर या, मग एकेक पाय, असं सांगून तिने दोघांना उभं केलं. बापूरावांनी हात पुढे केला.

"मधेच सोडाल," पोपटशेठ म्हणाले.

"सोडला तर मीही पडेन."

"हे पटलं."

हातात हात घालून, गुडघे वाकवून दोघे रिंकच्या मधोमध निघाले. पाय आपोआप घसरत होते आणि बापूरावांना चक्क मजा येत होती. थांबायचं कसं, ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या कठड्यावर जाऊन आदळले तेव्हाच थांबले.

"परत?" धापा टाकत पोपटशेठनी विचारलं.

"परत!"