जांभळ्या उजेडातला भटारखाना

धाकटी नाटकांचे पडदे रंगवायची. अंधारात चमकणारा रंग हा तिचा हातखंडा. त्या रंगाची हिरवट पावडर पाण्यात कालवली तर दोन दिवसांत डब्यात दगड होतो, म्हणून ती वॉर्निशमध्ये कालवायची, आणि खाली पांढऱ्याचे दोन हात दिल्याशिवाय ब्रश उचलायची नाही.

तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची खानावळ होती. भावजींनी एका नाटकात पाहिलं की अंधाऱ्या भिंतीवर जांभळा लेझर फिरवला की हिरवी अक्षरं उमटतात आणि मिनिटभर तशीच राहतात. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"पेंटरबाई, मला जेवायच्या खोलीत अशी भिंत हवी. गिऱ्हाईक आपलं नाव लिहील, फोटो काढील, चार जणांना सांगेल."

"लेझर गिऱ्हाइकाच्या हातात नाही देणार मी," धाकटी म्हणाली. "एखाद्याचा डोळा जायचा. पेटीत पक्का बसवेन, भिंतीकडेच तोंड असेल."

"तू म्हणशील तसं."

दुपारी तीनला, खानावळ बंद असताना, ती नमुन्याची फळी घेऊन गेली. तीन छटा होत्या, त्यातली एक निवडायची होती. जेवायच्या खोलीला मोठमोठ्या काचा, काळोख मिळेना. भटारखान्याला मात्र खिडकीच नव्हती. तिने फळी तिथल्या भिंतीला टेकवली, दार लावलं, दिवा घालवला आणि नारिंगी चष्मा चढवला. हा चष्मा जांभळा प्रकाश अडवतो, त्यामुळे लेझर दिसत नाही, चमकणारी वस्तू तेवढी दिसते.

फळीवर रेघ ओढली. हिरवीगार उमटली. मधली छटा उत्तम, असं मनाशी म्हणत हात जरा पुढे सरकला आणि फळीबाहेरची भिंतही चमकली.

हिरवी नव्हे. फिकट, पिवळसर. थेंबाथेंबाची.

तिने लेझरचं भिंग सैल केलं. प्रकाश ताटाएवढा पसरला. थेंब भिंतीच्या कडेकडेने गेले होते, टेबलाच्या पायावरून वर चढले होते, भाजी चिरायच्या पाटावर आडवेतिडवे पसरले होते. पिठाच्या पिंपाच्या झाकणाभोवती तर गोल कडंच झालं होतं.

साबण असेल, तिला वाटलं. साबणही चमकतो. तिने दिवा लावला. स्टील लखलखीत, डाग नावाला नाही. मग तिने ओणवं होऊन टेबलाखाली पाहिलं. कोपऱ्यात काळ्या लेंड्या होत्या, आणि तेलाच्या चिकट थरात रुतलेले राखाडी केस. तिने झाकणावरून ओलं फडकं फिरवलं आणि नाकाशी नेलं. तो उग्र वास नाकातून थेट घशात उतरला. फडकं टाकून ती मोरीपाशी धावली आणि दुपारचं जेवण तिथेच बाहेर आलं. ते जेवणही इथलंच होतं.

उलटीचा आवाज ऐकून भावजी आत आले. तोंडात दातकोरणं.

"काय गं, रंगाचा वास बाधला?"

"भावजी, पिठाच्या पिंपावर उंदीर मुतलेत. पाटावर मुतलेत. सगळीकडे."

"भटारखाना म्हटला की उंदीर आलेच. राजवाड्यात नसतात का? उकळलं की सगळं मरतं."

"काकडी कुठे उकळता?"

भावजी हसले. दातकोरणं एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. त्या हसण्याचीच तिला जास्त शिसारी आली.

"मग असं कर," ते म्हणाले, "तुझा तो रंग इथेही एक हात मार. सगळंच चमकायला लागलं की कोण ओळखणार, कशाचं काय ते?"

तिने फळी उचलली, लेझर पिशवीत टाकला आणि जिना चढून ताईच्या घरी गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, खाली चल. तुला काही दाखवायचंय. हा चष्मा लाव."

ताईने चष्म्याकडे पाहिलं आणि उशीचा अभ्रा सरळ करत राहिली.

"पिंप ना? वर ऐकू आलं सगळं. माहितीये मला."

"माहितीये?"

"बारा वर्षं झाली. पिंजरे लावून बघितले, औषध घालून बघितलं. ह्यांना सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी मी खालचं खाणंच सोडलं."

धाकटी तिथेच खुर्चीवर बसली. दर रविवारी सगळे खाली जेवायचे. ताई पित्ताचं निमित्त सांगून नुसतं वाढायची. स्वतःच्या हाताने, आग्रह करकरून. मागच्या वर्षी आई आठ दिवस पोट धरून पडली होती, तेव्हा "वय झालं आता" असं ताईच म्हणाली होती.

"तू आईलाही वाढलंस."

"ह्यांच्यासमोर काय बोलणार होते मी?"

"मग कानात बोलायचंस! एकदा तरी!"

ताईने घडी मोडली आणि परत घातली. त्या स्वच्छ, मऊ, निगुतीच्या हातांकडे धाकटीला पाहवेना. भावजी निर्लज्ज होते, ते तरी उघड होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अन्नतपासणीच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी आधी "लेझर?" म्हणून भुवया उंचावल्या, पण दुपारी स्वतः येऊन चष्मा लावून पाहिलं. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला तो बाहेर पडेपर्यंत काढला नाही. दाराला सील लागलं. भावजी रस्त्यात उभे राहून ओरडले, "घरभेदी! घरची माणसं घरचं झाकतात!" शेजारचा सलूनवाला, जो रोज तिथे जेवायचा, त्यांच्याकडे बघून रस्त्यातच थुंकला.

आईला धाकटीने उंदरांचं सांगितलं. आईने कानावर हात ठेवले, दोनदा चूळ भरली, जावयाला यथेच्छ शिव्या घातल्या. मग म्हणाली, "पोरीचं नशीब फुटकं. तिला बिचारीला काय ठाऊक असणार!"

धाकटीने आईचा रिकामा तांब्या भरून आणला.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. खानावळीचं एक अक्षर तिने काढलं नाही.

"आईला माझं सांगितलंस का?"

"नाही."

"नको सांगूस हं. तिला सोसायचं नाही."

ताईचा आवाज नेहमीसारखाच होता, रविवारी "अजून घे ना थोडं" म्हणायचा तसा. धाकटीने फोन ठेवला आणि नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले.