डोळे मिटून दिलेली बातमी

चर्चमध्ये सलग चार रविवार ग्रंथपालबाईंची जागा रिकामी दिसली, तेव्हा पाळकसाहेबांनी शिंपीणबाईला बाजूला घेतलं. "तुमची जिवाभावाची मैत्रीण ना? जरा बघून या, काय बिनसलंय."

शिंपीणबाई मोठ्या उत्साहाने निघाली. माणसं चर्च का सोडतात याबद्दल तिचं मत ठाम होतं: एक तर आळस, नाहीतर रुसवा.

वाचनालयात दोन-तीन म्हातारे पेपरात डोकं खुपसून बसले होते. ग्रंथपालबाई एका उसवलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होती.

"काय गं, कसला अबोला धरलास?"

"हळू बोल," ग्रंथपालबाई म्हणाली आणि पुढचं सगळं कुजबुजतच बोलली. "जावई लेकीवर हात उचलतो, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. तुझ्या मशीनपाशी बसून, रडत."

"अगं, मी कुणाला सांगितलं? प्रार्थनासभेत प्रभूपुढेच तर..."

"तिचं नाव घेऊन. चाळीस माणसांत. प्रार्थना कसली, बातमीच ती. डोळे मिटून दिलीस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाला रीघ लागली. पोरगी दार लावून बसली आणि शेवटी लांब मावशीकडे निघून गेली."

खरं तर त्या दिवशी प्रार्थना करताना, हे सगळ्यांच्या आधी आपल्याला कळलंय, याचं शिंपीणबाईला आतून बरं वाटलं होतं. ते आता आठवलं आणि कानशिलं तापली.

तरीही पाळकसाहेबांना तिने, "कामाचा व्याप फार आहे हो तिला," असं सांगून वेळ मारून नेली. मग रविवारी त्यांनी भर उपासनेत "व्यापात विश्वास थंडावलेल्या आपल्या भगिनीसाठी" प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शिंपीणबाईला बसवेना. ती उभी राहिली.

"थंडावली-बिंडावली नाही ती. मी तिच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली, म्हणून गेली. वर तुमच्याशी खोटं बोलले."

पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि घाईघाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

सोमवारी ती पुन्हा वाचनालयात गेली. "मी सगळ्यांसमोर कबूल केलं."

"कळलं. त्या प्रार्थनासभेला नसलेल्या तिघींचे फोन आले, नक्की कुठली गोष्ट म्हणून विचारायला."

शिंपीणबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक कबूल करतानाही तिने हिचंच नाव पुन्हा लोकांच्या तोंडी दिलं होतं.

"मी आता नदीपलीकडच्या चर्चला जाते," ग्रंथपालबाई म्हणाली. "मागच्या बाकावर बसते. कुणी ओळखत नाही, ते बरं वाटतं. पण गाताना सूर चुकला तर हसायलाही शेजारी कुणी नसतं." मग तिने विचारलं, "तूच सांग, सोडायला नको होतं का मी?"

"परत ये" म्हणायला शिंपीणबाईला तोंड नव्हतं आणि "येऊ नकोस" म्हणवत नव्हतं.

"लेकीला पत्र लिहू? माफी मागायला?"

"नको. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. नाहीतर नाही बोलणार."

शिंपीणबाईने मान डोलावली. पेपर वाचणाऱ्यांपैकी एक म्हातारा वर बघू लागला, तशी तिने पिशवी उचलली आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता बाहेर पडली.