तिसरी पेटी

"मिस्त्री, खरं सांगा. हॉर्न दुरुस्तीला नेलात तेव्हा आतलं काय बदललंत?"

"अहो दादा, नुसतं तेल घातलं हो! शप्पथ."

दादांचा विश्वास बसला नाही. बावीस वर्षं वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्नच्या पहिल्या खुर्चीवर बसलेला माणूस, आणि लागोपाठ दोन कार्यक्रमांत त्याचा वरचा स्वर फुटतो म्हणजे काय? पाणी कुठेतरी मुरत होतं. मिस्त्रीकडे नसेल, तर शेजारच्या खुर्चीत दुसरा हॉर्न वाजवणाऱ्या पोरीकडे, वाद्यवृंदातल्या धाकटीकडे. हल्ली ती जरा जास्तच गोड बोलायची. शनिवारी एकट्या हॉर्नचा तुकडा होता. तो हातचा जाणार या धास्तीने दादांना जेवण जात नव्हतं.

म्हणून नवा हॉर्न घ्यायचं ठरलं. मिस्त्रीने तीन पेट्या रंगमंचावर आणून ठेवल्या. धाकटीने एकेक वाजवायचा, दादांनी पाठ फिरवून ऐकायचं. तिनेच का वाजवायचं, हेही दादांना खटकलंच.

पहिला वाजला.

"जर्मन. उशिरा बोलतो, पण बोलला की सभागृह भरून टाकतो. ओठ मात्र दमवेल."

दुसरा वाजला.

"जपानी. फुंकर घालायचा अवकाश, लगेच उत्तर. पण जोर लावला की किंचाळतो मेला."

दोन्ही अचूक. मिस्त्रीने कानाला हात लावला.

तिसरा वाजला. तो नतद्रष्ट वरचा स्वर अलगद आला, टिकला आणि हळूच विरला.

"हाच! हाच घ्यायचा. कुठला हो हा?"

दादा वळले. धाकटीच्या हातात त्यांचाच जुना हॉर्न होता. मिस्त्रीची तिसरी पेटी उघडलेलीसुद्धा नव्हती.

हॉर्नचा भोंगा वाजवणाऱ्याच्या मागे तोंड करून असतो. लोकांना ऐकू येतो तसा आपला हॉर्न दादांनी कधी ऐकलाच नव्हता.

"चिडू नका ना दादा. मीच मिस्त्रींना गळ घातली. उगाच नवा घेऊन बसला असतात."

म्हणजे कट होताच. दादांना चिडायचं होतं, पण जमेना. हॉर्न धडधाकट होता, ओठ थकले होते. त्यांना वाईट वाटलं, आणि मिस्त्रीवर घेतलेल्या संशयाची त्याहून जास्त लाज वाटली.

"शनिवारचा तुकडा तू वाजव. ह्याच्यावरच."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्या शेजारी, खालच्या स्वरांना. शनिवारी. आत्ता नाही."

दादा पायऱ्या उतरले आणि रिकाम्या सभागृहात चौथ्या रांगेत जाऊन बसले.

"हं. पहिल्यापासून घे."