पाचव्या दिवशी न उघडलेला आकडा

सुकापूरला दाजींच्या फाटकावर एक गंजकी साखळी लटकते. वारा आला की खणखणते. ती मी. मित्रांनो, जुन्या वस्तूंना राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

पनवेलच्या एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. दाजींच्या जुन्या कौलारू घरात ओटीवरच्या झोपाळ्याला मी होते. दाजींचा मुलगा निकेश माझ्या कुरकुरीवर झोपी जायचा, पुढे त्याची मुलगी पूर्वीही तशीच झोपली. "ही साखळी हत्तीला धरल!" असं दाजी पाहुण्यांना सांगत आणि मी फुलून जाई. मग शेतांच्या जागी इमारती आल्या. घर पाडून बंगला झाला, झोपाळा भंगारात गेला. दाजींनी माझा चार हात लांबीचा तुकडा ठेवून घेतला आणि महादेव वेल्डरकडून टोकाला आकडा लावून घेतला. मी ठमीच्या गळ्यात आले.

ठमी ही घरची कुत्री. एरवी ती मोकळीच फिरे. आठ महिन्यांची झाली तेव्हा तिच्या बसायच्या जागी रक्ताचे थेंब दिसू लागले. ठमी माजावर आली होती. म्हणजे पिल्लं होण्यासाठी तिचं शरीर तयार होऊ लागलं होतं. हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. दाजींच्या बायकोने, गुणाबाईंनी, बायकांचा नियम तिला लावला.

"चार दिस बाजूला बांदा तिला," त्या म्हणाल्या.

सून अंकिता हसली. "आई, मी बाजूला बसत नाही, म्हणून आता ठमीला बसवता का?"

"तू नाय ऐकत, ती तरी ऐकल!"

चार दिवस मी ठमीला नळाजवळ धरून ठेवलं. पाचव्या दिवशी दाजींनी तिला आंघोळ घातली, आकडा काढला आणि म्हणाले, "जा गो, सुटलीस." सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं. खरं तर तेव्हा नुकती सुरुवात होती. दोन महिन्यांनी ठमीला सहा पिल्लं झाली.

पिल्लांचे डोळे उघडले, ती अंगणात लुडबुडू लागली. एका सकाळी दाजींनी ठमीच्या गळ्यात मला अडकवलं आणि पिल्लं पोत्यात भरली. पूर्वी तेव्हा सात वर्षांची होती. पांढऱ्या कानाचं एक पिल्लू तिने फ्रॉकमध्ये लपवलं होतं. दाजींनी तेही काढून घेतलं. "कोन गावाला हॉटेलं हायत, खातील तिथं," असं म्हणून ते पोतं स्कूटरवर ठेवून निघून गेले.

ठमी पोत्यामागे धावली. धावत गेली आणि माझ्या शेवटच्या कडीला गचकन थांबली. पुन्हा धावली. पुन्हा थांबली. तिच्या मानेची कातडी सोलली. मित्रांनो, तिला कुणी धरलं होतं? मी. ज्या मी दोन लेकरं झोपवली, त्याच मी एका आईला तिच्या लेकरांपासून ओढून धरलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा सात पिल्लं होती. पूर्वीने दाजींशी बोलणंच टाकलं. मला बोलता येत नव्हतं. मी सूड घ्यायचा ठरवला.

माझ्याजवळ एकच हत्यार होतं, गंज. दाजी मला नळाखाली तशीच टाकून देत. मी पावसाळाभर पाणी पीत पडून राहिले. ठमी तिसऱ्यांदा माजावर आली, तेव्हा दाजींनी हातोडीने ठोकून आकडा कसाबसा बसवला. पाचव्या दिवशी आंघोळ झाली. दाजींनी आकडा ओढला. मी हलले नाही. तेल ओतलं, मी हलले नाही. हातोडी उचलली, तर ती त्यांच्याच अंगठ्यावर बसली.

"आयो!" दाजी ओरडले. "महादेवला बोलवा, कटर लावू!"

"मानेजवळ कटर?" अंकिता पुढे आली. "दाजी, आधी डॉक्टर येतील. तिची मान बघा, जुनी जखम पुन्हा किती चिघळलीय."

डॉक्टर आभा आल्या. जखम धुताना त्यांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"चार दिस झालं, आता सोडायचीच हाय," गुणाबाई म्हणाल्या.

"म्हणून दरवेळी पिल्लं होतात, आजी. बाईची पाळी वेगळी आणि कुत्रीचा माज वेगळा. हिचा माज साधारण तीन आठवडे चालतो. पहिला आठवडा-दहा दिवस रक्त लाल असतं, तेव्हा ती कुत्र्यांना जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकं होतं, आणि तेच पिल्लं राहण्याचे दिवस. तुम्ही नेमकी त्याच्या तोंडावर सोडता. आकडा उघडला नाही हे बरंच झालं!"

माझी कडीन् कडी थरारली.

"मग पिल्लं बंद व्हायचं आपरेशन आताच करून टाका," दाजी म्हणाले.

"आता नाही. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. दोन-तीन महिन्यांनी करू. पण तीन आठवडे ती घरातच राहील, आणि फाटकावर कुणीतरी बसायला हवं."

"एकदा-दोनदा व्यायली की कुत्री चांगली राहते म्हणतात, म्हणून आमी…"

"तसं काही नसतं, दाजी. पहिल्या माजाआधीसुद्धा करता आलं असतं. जात आणि अंगकाठी बघून डॉक्टर वेळ ठरवतात. विचारायचं होतं."

तेवढ्यात पूर्वी म्हणाली, "फाटकावर दाजी बसतील." कितीतरी महिन्यांत तिच्या तोंडून दाजींचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. दाजींना नाही म्हणवेना.

महादेवने करवतीने मला सावकाश कापलं. ठमी आतल्या खोलीत गेली. दाजी काठी घेऊन तीन आठवडे फाटकावर बसले. गावभरचे कुत्रे समोर ठाण मांडून होते. शेजारचे कृष्णकांत येता-जाता विचारायचे, "काय दाजी, बिल्डरला जमीन दिली न् तुमी वॉचमन झालं काय?" दाजी लाल व्हायचे. मला फार गोड वाटायचं.

अडीच महिन्यांनी ठमीचं ऑपरेशन झालं. आता ती उन्हात पाय पसरून झोपते. तिच्या गळ्यात कापडी पट्टा आहे. दाजी मला भंगारात द्यायला निघाले होते, पण पूर्वीने मला उचलून फाटकावर टांगलं. मग ती दाजींना म्हणाली, "कोनला नेमकं कुठे सोडलं, ते मला दाखवा."

तेव्हापासून दर रविवारी दोघं स्कूटरवरून कोनला जातात. हॉटेलांच्या मागे शोधतात. पांढऱ्या कानाचं कुणी भेटत नाही. परतताना पूर्वी रडत नाही, दाजींचे डोळे मात्र लाल असतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्री असेल तर माजाचे तीन आठवडे पुरते मोजा. डॉक्टरांना वेळेवर विचारा. पोतं हातात घ्यायची वेळच येऊ देऊ नका, कारण पोत्यात गेलेलं परत येत नाही.

गेल्या रविवारी दाजी एकटेच फाटकाशी थांबले. वारा होता, मी वाजत होते. त्यांनी मला मुठीत धरलं आणि हळूच म्हणाले, "बस कर गो आता."

त्यांनी मूठ सोडली, आणि मी पुन्हा वाजू लागले.