कोटाच्या पाठीवरचा वास

बँडमास्तरांनी कोट काउंटरवर ठेवला तो दोन बोटांनी धरून, एखादं मेलेलं पाखरू उचलावं तसा.

"हुंगा," ते म्हणाले.

मी हुंगला. साबण होता, वाफ होती, बाकी काही कळलं नाही. तसं सांगितलं.

"आत्ता गार आहे ना तो. काल सभागृहात दिव्यांखाली दहा मिनिटं उभा राहिलो आणि माझ्या पाठीवर मासळीबाजार उघडला. पहिल्या रांगेतल्या एक बाई रुमाल लावून उठून गेल्या. आमचा क्लॅरिनेटवाला कानात विचारतो, मास्तर, जेवणात काय होतं?" त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, राग मानू नका. कोट चार दिवस तुमच्याकडे होता. त्या चार दिवसांत तो कुणी घालून फिरलंय का?"

लाँड्रीवाल्याला याहून मोठी शिवी नाही. गिऱ्हाइकाचे चांगले कपडे एका संध्याकाळपुरते भाड्याने देणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या दुकानाबद्दल मात्र तसं कुणी कधी बोललं नव्हतं.

"शनिवारी मी परत येतो," मास्तर म्हणाले. "कोण घालून गेलं ते कळलं, तर विषय मिटला. नाही कळलं, तर बँडचे सगळे गणवेश मी दुसरीकडे नेईन. आणि का नेले असं लोकांनी विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही."

कोट तिथेच ठेवून ते गेले. दुकानात दोनच माणसं, मी आणि माझा थोरला भाऊ. मी मागे धुते आणि इस्त्री करते, दादा काउंटर सांभाळतो. मी घातला नव्हता. मग उरलं कोण?

दादाबद्दल सांगायला हवं. आमच्या दुकानात चिठ्ठी नाही, नंबर नाही, कपड्याला टाचलेला बिल्ला नाही. माणूस दारात दिसला की दादाचा हात दांडीवरच्या नेमक्या हँगरवर पडतो. लोक त्याला कॉम्प्युटर म्हणतात. तीस वर्षं तो या एका गोष्टीवर ताठ मानेने उभा आहे. मी एकदा चिठ्ठ्या छापून घेऊ म्हटलं, तर म्हणाला, "छोटे, चिठ्ठी त्यांना लागते ज्यांना माणसं दिसत नाहीत." मी तेव्हा हात जोडले होते. देवाने एकेकाला एकेक देणं दिलेलं असतं, दादाला हे.

पण त्या दिवशी माझं मन उलट्या वाटेने चालायला लागलं. संशयाचा गळा फार गोड असतो, एकदा ऐकायला बसलं की उठवत नाही. मला एकेक आठवायला लागलं. पंधरा दिवसांपासून दुकानात कसलासा वास येत होता. मी मोरी घासली, यंत्रामागे उंदीर मेलाय का पाहिलं, समोरच्या घरातल्या मांजरीला नावं ठेवली. दादा म्हणायचा, मला नाही बाई येत. गिऱ्हाइकं काउंटरपासून हातभर लांब उभी राहायला लागली होती. रोज साडेतीनला दादा अर्धा तास कुठेतरी जायचा आणि घामाघूम होऊन यायचा. कुठे होतास विचारलं की "पाय मोकळे करत होतो." आणि काउंटरखालच्या ड्रॉवरला, ज्यात आयुष्यभर बटणं आणि दोरे पडलेले असायचे, त्याला आता कुलूप होतं.

"वाटेत मास्तर दिसले. काय म्हणत होते?" दादाने आल्यावर विचारलं.

"कोटाला वास येतो म्हणाले."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांचं नाक शेफारलंय."

"कोट कुणाला दिला होतास का?"

"मी?" तो हसला, पण ते हसू गळ्यापर्यंतच आलं. "मला विचारतेस? तूच हँगर इकडचे तिकडे करतेस हल्ली. परवा वकीलबाईंची साडी मला सापडेना. मी तुला काही बोललो का?"

मी कुठलाच हँगर हलवला नव्हता. स्वतःवर आलेलं माझ्यावर ढकलतोय, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो बाहेर पडला. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं, मोज्यांच्या डब्यात. हे शोभणारं काम नव्हे. मी देवाची क्षमा मागितली आणि ड्रॉवर उघडला.

आत एक पांढरी डबी होती, औषधाची. तिच्याकडे मी नीट पाहिलंही नाही, कारण खाली वही होती. दादाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "उंच, डाव्या भुवईवर तीळ, करडी पँट, शुक्रवार." त्याखाली: "जाड चष्मा, हसतो, दोन शर्ट निळे." आणि मग: "क्रीम कोट, सोनेरी फीत, गुरुवार."

म्हणजे मास्तरांचाच कोट. कुणाला काय दिलं, कधी परत यायचं, सगळं लिहिलेलं. नावं नाहीत, म्हणजे लपवाछपवी. तीस वर्षं ज्याने कागदाला हात लावला नाही, त्याला वही लागते कशाला? मी वही होती तशी ठेवली, कुलूप लावलं, आणि मागे जाऊन रडले. एक हात बादलीत, एक डोळ्यांवर.

रडणं झालं की हातांना काम लागतं. मी कोट घेतला. धुण्याआधी निदान कुठे कुठे मळलाय ते तरी पाहावं. कपडा गार असला की तोंड उघडत नाही, ही आमच्या आईची शिकवण. वाफ दिली की तो सगळं सांगतो. मी वाफेची इस्त्री कपड्यावर न टेकवता वर धरली आणि वीतवीत करत हुंगत गेले.

कॉलरला काही नव्हतं, काखेतही मास्तरांच्या अत्तराखेरीज काही नव्हतं. मी परत हुंगलं. कोट कुणी घातला, तर त्याची मान आणि काख त्या कोटात राहतेच, कितीही चांगला माणूस असो. इथे दुसरं कुणीच नव्हतं.

मग पाठीवर आले, आणि वास एकदम वर आला. शिळ्या मासळीचा, नाक मिटावं असा. पण तो सगळ्या पाठीवर नव्हता. कमरेच्या थोडा वर एक आडवा पट्टा होता, चार बोटं रुंद, बाहेरच्या बाजूने. अस्तर स्वच्छ होतं.

चार बोटं रुंद. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात.

हा कोट कुणी घातलेला नव्हता. कुणीतरी तो बाह्या दुमडलेल्या उघड्या हातावर घेऊन उभं राहिलं होतं. इस्त्रीच्या टेबलावरून दांडीपर्यंत आठ पावलं आहेत, आणि कपडे डाव्या हातावर आडवे घेऊन तीस वर्षं एकच माणूस चालतो. पण आठ पावलांत एवढा वास मुरत नाही. तेवढ्यासाठी उभं राहावं लागतं. बराच वेळ, दांडीकडे बघत, कुठे अडकवायचं ते न आठवता.

मी परत ड्रॉवर उघडला आणि वही काढली. वही आता मला वेगळीच वाचता यायला लागली.

दादा आला तेव्हा मी काउंटरवरच होते, वही आणि डबी पुढ्यात घेऊन.

"माझा ड्रॉवर उघडलास?"

"हो."

"चोरासारखं?"

"चोर शोधत होते. इकडे ये. हात पुढे कर."

त्याने डावा हात पुढे केला, लहानपणी छडीसाठी करायचा तसा. मी हुंगला. मला एवढंच हवं होतं आणि एवढंच नको होतं.

"दादा, वास तुझ्या अंगाचा आहे."

"रोज दोनदा अंघोळ करतो मी."

"धुवून जाणारा नाहीये तो. ही डबी कसली?"

त्याने डबी उचलली, परत ठेवली, मग म्हणाला, "कोलीन. मेंदूचं खाद्य आहे ते. त्या कोपऱ्यावरचा जिमवाला देतो. दुपारच्या गोळ्या खिशात घालून तिथेच मागे बसून घेतो, तुला दिसू नये म्हणून."

"दिवसाला एक, असं लिहिलंय."

"एकाने काही झालं नाही." त्याने बोटं मोजली. "सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी चार. जिमवाला म्हणाला, नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी बाहेर पडतं."

"पडलं ना बाहेर," मी म्हटलं. "मास्तरांच्या कोटावर."

त्याला हसू आलं, आणि मग ते थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. "वकीलबाई समोर उभ्या होत्या छोटे. वीस वर्षांची ओळख. आणि माझ्या डोक्यात नुसती भिंत."

मी त्याला दंडाला धरून औषधाच्या दुकानात नेलं. औषधवाल्या बाईंनी डबी फिरवून वाचली आणि चष्म्यावरून दादाकडे पाहिलं.

"किती घेता?"

"बारा."

"पाचशे मिलिग्रॅमच्या बारा, म्हणजे सहा ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात, तेही सगळं धरून. हे काही विष नाही, अंगाला लागतंच ते. अंड्यात असतं, दुधात, कडधान्यात. पण ढीगभर घेतलं की पोटात त्याचं जे होतं त्याला माशाचा वास असतो, आणि तो घामातून येतो, श्वासातून येतो. घाम फार सुटतो का?"

"सुटतो."

"चक्कर?"

मीच म्हणाले, "दोनदा दांडी धरून उभा राहिला होता. मला वाटलं, माझं बोलणं टाळतोय."

"रक्तदाबाची गोळी चालू आहे ना तुमची? जास्त कोलीनने रक्तदाब आणखी उतरतो. वाफेच्या इस्त्रीशेजारी चक्कर येऊन पडला असतात तर?" त्यांनी डबी आपल्या बाजूला सरकवली. "हे आजपासून बंद. रक्तदाबाची गोळी मात्र बंद करायची नाही. काही जणांचं शरीर जन्मापासूनच हे नीट जिरवत नाही, म्हणून आठवड्यात वास गेला नाही तर तपासून घ्या."

"आणि आठवण?" दादाने विचारलं. इतक्या हळू, की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"या डबीने ती परत येते असा ठाम पुरावा मला तरी माहीत नाही, दादा. विसरण्याची कारणं पुष्कळ असतात, काही अगदी साधी असतात. पण ती डॉक्टरने शोधायची, जिमवाल्याने नाही."

शनिवारपर्यंत कोट मी दोनदा व्हिनेगरच्या पाण्यातून काढला आणि वाफ देऊन पाहिला. तो गप्प झाला होता. मास्तरांना काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं: मोरी तुंबली होती, कोट तिथे टांगला गेला, चूक माझी. देवापुढे त्याचा जाब मी दिला असता.

मास्तर आले. मी तोंड उघडायच्या आत दादाच पुढे झाला.

"कोट कुणी घातला नव्हता. वास माझा होता. आठवण राहावी म्हणून गोळ्या घेत होतो, त्या जास्त झाल्या."

मास्तरांनी डोळे बारीक केले. "गोळीने माशाचा वास? हे मी कुणाला सांगू?"

दादाने बाही दुमडली आणि हात काउंटरवर ठेवला. "हुंगा."

मास्तर वाकले आणि तितक्याच वेगाने मागे सरले. "अरे देवा."

"आज बराच कमी आहे," दादा म्हणाला.

मास्तरांनी कोट नाकाशी नेला, उन्हात धरला, परत नाकाशी नेला. त्यांचा संशय एका दमात जाणारा नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही, माझा तरी कुठे तसा गेला होता. मग त्यांनी दारातल्या गाडीकडे हात केला. "गणवेश आणलेत. पण कॉम्प्युटर, यापुढे मला चिठ्ठी द्या. लेखी."

मी दादाकडे पाहायचं टाळलं. त्याने ड्रॉवर उघडला, कुलूप नव्हतंच आता, वहीतला एक कागद फाडला, पेन घेतलं. तारीख घातली. "बँडचे कोट" असं लिहिलं. मग पेन थांबलं.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

बावीस. गेली अकरा वर्षं बावीस. मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मग अगदी साध्या आवाजात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं म्हणाले, "बावीस."

दादाने आकडा लिहिला, खाली रेघ ओढली, आणि मी बघतेय हे त्याला दिसलं.

"अशी काय बघतेस? चिठ्ठीवर विचारूनच लिहायचं असतं."

"तसंच असतं," मी म्हटलं.

गाडीतून कोट आत आणताना मी ते मोजले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारच्या तारखेला डॉक्टरांची वेळ मी लाल पेनने लिहून ठेवली होती. जाता जाता पाहिलं, तर त्याखाली दादाच्या टपोऱ्या अक्षरात तीच वेळ पुन्हा लिहिलेली होती.