पाच मिनिटं दर्शन

“हे काय लिहिलंय बाई तुम्ही? ‘दर्शन, पाच मिनिटं’?” मुख्याध्यापकांनी माझी टाचणवही माझ्याच पुढ्यात आपटली.

मुलं त्यांना ‘शिक्का’ म्हणतात, कारण वरून कोणी दाबलं की हे खाली उमटतात. आज दाबणारा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. नववीतल्या एका मुलीचा बाप, शाळेच्या समितीवरचा माणूस, आवाज भोंग्यासारखा. टेबलावर मी वर्गात दाखवलेलं चित्र पसरलेलं. युरोपातलं, चारपाचशे वर्षांपूर्वीचं, आईच्या मांडीवर क्रुसावरून उतरवलेला मेलेला मुलगा. बावीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे. धर्म, कला, पश्चिमेची संस्कृती, सगळं आठवड्याच्या दोन तासांत कोंबायचं. चित्र कुठलंही असो, आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. त्यालाच मी दर्शन म्हणते.

“माझ्या पोरीला परक्या देवापुढे हात जोडायला लावता?” बाप म्हणाला.

“हात बाकावर असतात. जोडा म्हणून कोणी सांगितलं नाही.”

“मग दर्शन कशाचं?”

“दर्शन म्हणजे बघणं. शब्दकोश काढा घरी गेल्यावर.”

“फार उद्धट आहात हो तुम्ही.”

“आहे.”

शिक्का मध्ये पडले. “बाई, उगाच राईचा पर्वत नको. तिथे ‘निरीक्षण’ लिहा आणि या माफीनाम्यावर सही करा. नाहीतर उद्यापासून विषय बंद. तास विज्ञानाला देऊन टाकतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “निरीक्षण बेडकाचं करतात, सर. या चित्रातल्या आईचं पोरगं मेलंय.”

“असं? माझ्या मुलीलाच विचारू,” म्हणत बापाने तिला वर्गातून बोलावून घेतलं. ती दारातच थबकली.

“सांग सरांना. काय करायला लावतात ह्या?”

“काही नाही. बघायला लावतात.”

“आणि तू काय करतेस?”

“बघते.” तिने मान खाली घातली. “दादा गेला तेव्हा तुम्ही मला मावशीकडे पाठवलंत. सगळ्यांनी त्याचं शेवटचं दर्शन घेतलं. मला कोणी बघूच दिलं नाही, पप्पा.”

मला स्वतःचाच संताप आला. बावीस वर्षं मुलांना गप्प बसवलं आणि त्या पाच मिनिटांत कोण कोणाला बघतंय, हे एकदाही विचारलं नाही.

वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. कसला विरघळतो! मानेच्या शिरा ताठ करून तो ओरडला, “ऐकलंत? हे असलं डोक्यात भरतात पोरांच्या! बंद करा हा विषय!”

“बंद,” शिक्का लगेच उमटले.

माफीनामा मी तसाच परत सरकवला. पेनाचं टोपणही काढलं नाही.

बापाने चित्र उचललं. फाडतोय की काय म्हणून मी हात पुढे केला. पण तो मांडीवरच्या त्या मुलाकडे बघत राहिला, चांगला बराच वेळ. मग त्याने चित्र टेबलावर पालथं घातलं आणि वर शिक्क्यांचा पेपरवेट ठेवला. तेवढ्याने भागेना म्हणून आपला तळवाही त्यावर दाबून धरला.

“वाऱ्याने उडेल,” तो म्हणाला.

पंखा बंद होता.